बेंदराच्या दिवशीचा पहारा

नाथाजी हवालदारानं सही केली नाही. कागद तयार होता, टाक दौतीत बुडवून ठेवला होता आणि लालासाहेब फौजदार खुर्चीत रेलून अगदी मायेनं सांगत होते, "नाथाजी, कबूल करून टाक. डोळा लागला म्हण. चूक कुणाच्या हातनं होत नाही? मी वर सांगून तुला सांभाळून घेतो."

सांभाळून घेतो म्हणे! बावीस वर्षं खाकी घातलेल्या माणसाला या शब्दाचा अर्थ सांगायला नको. कबुली दिली की नोकरी गेली, पेन्शन गेली, वर कैदी पळवले म्हणून खटला. त्रेचाळीस साल होतं. सातारा जिल्हा पेटलेला, आणि पिंपळखोऱ्याच्या ठाण्यातनं दोन भूमिगत पोरं भरदुपारी छपराची कौलं काढून पसार झाली होती. वरच्यांना कुणाचा तरी बळी हवा होता.

आता खरं काय घडलं ते ऐका. कोठडीवर दोघांचा पहारा असतो, एक पुढच्या दाराशी, एक मागच्या अंगाला. पण तो आषाढातला बेंदूर, बैलांचा सण. फौजदारांचे बैल गावात मिरवायचे होते, म्हणून मागच्या पहाऱ्याचा अर्जुना शिपाई त्यांनी सकाळीच उचलून घरी नेला. बैल धू, शिंगं रंगव, झुली घाल. ठाण्यात उरला एकटा नाथाजी. आणि आता तोच अर्जुना जबानी देऊन बसला होता की, मी जेवून तीन वाजता पहाऱ्यावर आलो, तर हवालदार भिंतीला टेकून घोरत होते आणि कोठडी मोकळी होती. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच.

"सायेब," नाथाजी म्हणाला, "आरोप काय हाय त्यो लिहून द्या. अर्जुनाची जबानी मला वाचायला द्या. आन् त्याला चार सवाल मी सोता इचारनार. नियमात हाय."

"नियम मला शिकवतोस?"

"तुमी इसरला आसाल म्हून आठवन केली."

ही अक्कल त्यानं सांगलीहून आणली होती. सांगली पडली संस्थानात, तिथं फौजदारांचा कान पोचत नव्हता. मेव्हणा कृष्णात त्याला अनंतराव वकिलांकडं घेऊन गेला. त्यांनी खात्याच्या नियमांचं पुस्तक काढून वाचून दाखवलं आणि म्हणाले, "या चौकशीत मला उभं राहता येणार नाही, हवालदार. पण तुम्हाला तोंड आहे ना?"

बायको मनुबाई आधी रडली, मग भडकली. "आवं, बावीस वर्सं ह्याला सलाम, त्याला सलाम. जल्मात येकदा तरी तोंड उघडा," म्हणाली. झालं, घरातलाच हुकूम सुटला.

झोपल्याचा आरोप लेखी मिळाला, आणि आठ दिवसांनी साताऱ्याहून डेप्युटीसाहेब चौकशीला आले. ठाण्यात टेबल मांडलं, विष्णुपंत कारकून लिहायला बसला. अर्जुनानं पाठ केल्यासारखी जबानी म्हटली. मग साहेब नाथाजीकडं वळले, "विचार काय विचारायचं ते." सगळ्यांना वाटलं, हवालदार आता अर्जुनावर तुटून पडणार. पण गडी जत्रेत भेटल्यागत बोलायला लागला.

"अर्जुना, बेंदूर कसा झाला रं यंदा?"

"हा काय प्रश्न झाला?" साहेबांच्या कपाळाला आठी पडली.

"सवाल माझं हायेत सायेब. इचारू द्या."

"चांगला झाला," अर्जुना म्हणाला.

"मी पडलो पहाऱ्यावर. मला काय बगायला गावलं न्हाई. कर म्हनं ज्योतिबा पाटलाच्या बैलानं तोडली?"

बेंदराला गावच्या वेशीत पिंपळाच्या पानांची दोरी बांधतात, ती कर. बैल पळत येतात, आणि ज्याचा बैल ती आधी तोडील त्याचा वर्षभर मान. शेतकऱ्याचं लेकरू एक वेळ देवाची शपथ घेऊन खोटं बोलेल, पण आपण पळवलेल्या बैलाचं यश दुसऱ्याच्या दावणीला बांधलेलं त्याला सोसायचं नाही. नाथाजी स्वतः त्याच मातीतला. सगळा डाव त्यानं एवढ्यावरच लावला होता.

"कुनाच्या बैलानं?" अर्जुना उसळला. "पाटलाचं बैल मारुतीच्या देवळापाशीच बुजलं. कर आमच्या फौजदार सायबांच्या पाखऱ्यानं तोडली. कासरा ह्या हातात हुता! चावडीवर तीनचं टोल पडलं, ढोल वाजला, आन् येका उडीत..."

आणि तिथंच तो फौजदारांकडं बघायला लागला. विष्णुपंताचा टाक हवेतच राहिला. फौजदारांचा चेहरा असा उतरला की बघवेना.

"बैलाचा या चौकशीशी काय संबंध?" फौजदार ओरडले.

"पंत, लिवा," नाथाजी म्हणाला. "तीनचं टोल आन् हातात कासरा. जसं बोलला तसं लिवा."

साहेबांनी हात वर करून लिहिणं थांबवलं. माणूस हुशार होता. पहाऱ्याचा शिपाई बैलांमागं लावल्याचा हा कागद साताऱ्याला गेला तर कुठवर पोचेल, ते त्यानं ओळखलं. आवाज खाली आणून तो म्हणाला, "नाथाजी, हे इथंच मिटवू. आरोप मागं घेतो. तू तब्येतीचं कारण देऊन पेन्शनीत जा. बैलाचं मात्र कागदावर नको."

पेन्शन समोर होती, हात पुढं करायचीच खोटी. पण उद्या गाव काय म्हणणार? झोपला हुता म्हून घालवला. मरेपर्यंत हेच ऐकायचं. त्याला संताप आला, स्वतःच्या मोहाचासुद्धा.

"बडतर्फ करायचं तर करा सायेब. मला तब्येतीचं काय झालेलं न्हाई. पर अर्जुना बोलला ते लिवून, त्याची सही घेतल्याबिगर मी हितनं हालनार न्हाई."

साहेब विष्णुपंताला म्हणाले, "लिहा." पंतानं लिहिलं. अर्जुनानं सही केली. फौजदार उठून दाराशी जाऊन उभे राहिले.

साहेबांनी कागद वाचला आणि नाथाजीकडं रोखून पाहिलं. "म्हणजे तू झोपला नव्हतास. बरं. मग एवढी कौलं निघाली, कैदी गेले, ते तुला कळलं कसं नाही?"

कळलं होतं. पहिलं कौल सरकलं तेव्हाच कळलं होतं. ती तरणी पोरं काही चोर नव्हती, दरोडेखोर नव्हती. नाथाजीनं बंदूक मांडीवर आडवी घेतली होती आणि सगळा आवाज थांबेपर्यंत समोरच्या फाटकाकडं बघत तो गप बसला होता. हे त्यानं मनुबाईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"आरोप झोपल्याचा हाय सायेब," तो ताठ उभा राहून म्हणाला. "जागं ऱ्हायल्याचा न्हाई."