क्रॉसबींच्या विहिरीवरचं दार

"वरची विहीर झाकलेली आहे ना रे, एल्विन?"

जोलीनने हे दाराच्या पायरीवरून विचारलं. तिच्या एका पायात बूट होता, दुसऱ्यात नुसता मोजा. तिची आई मर्टल सकाळी सातनंतर कधीतरी घरातून निघून गेली होती. मर्टल चौऱ्याऐंशी वर्षांची. काल काय झालं ते तिला आठवत नसे, पण लहानपणचं सगळं लख्ख आठवे. अंगावर तपकिरी कोट, पायात घरातल्या सपाता. त्यातून हरणांच्या शिकारीचा पहिला शनिवार. डोंगरात उजाडल्यापासून बार ऐकू येत होते.

"झाकलीय," एल्विन म्हणाला.

तोंडातून गेलं ते गेलं. जोलीनने सुस्कारा सोडला आणि दुसरा बूट शोधायला ती आत वळली.

मर्टल कुठे गेली असेल हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. टेकडीवर क्रॉसबींची जुनी शेती होती. मर्टलचा जन्म तिथला. तिच्या वडिलांनी ती जागा सोडली तेव्हा ती आठ वर्षांची होती. आता तिथे घर नव्हतं, तळघराचा दगडी खड्डा होता आणि त्यातून उगवलेलं बर्चचं झाड. गोठा कोसळून आडवा झाला होता. शेतं रानात गेली होती आणि दगडी कुंपणं झाडांमधून उगीचच वर-खाली धावत होती. तिथे जाणारा रस्ताही गावाने सोडून दिलेला. एल्विन थेअरने गावाच्या रस्त्यांवर चौतीस वर्षं माती सपाट करणारा ग्रेडर चालवला होता. त्या रस्त्यावर शेवटचं यंत्र त्यानेच फिरवलं होतं.

निवृत्त झाल्यावर गावाने त्याच्याकडे दोन कामं दिली होती: दफनभूमीचं गवत कापायचं आणि रानातल्या पडक्या शेतांवरच्या विहिरी बुजवायच्या नाहीतर झाकायच्या. हे काम त्याच्याइतकं कुणाला जमत नसे. घर नाहीसं झालं तरी दारातली लायलॅकची फुलझुडपं राहतात. त्यांच्याकडे पाठ करायची, स्वयंपाकघराचं दार कुठे असेल ते ठरवायचं आणि पाण्याची बादली घेऊन थकलेली बाई जेवढी चालेल तेवढी पावलं मोजायची. विहीर तिथेच सापडते.

क्रॉसबींची विहीर त्याने मागच्या वर्षी सप्टेंबरात शोधली. वरच्या फळ्या पार कुजल्या होत्या. त्या काढून त्याने गोठ्याचं पडलेलं दार ओढत आणून विहिरीवर टाकलं. आठवडाभराचा प्रश्न होता. सिमेंट आणून स्लॅब घालायचा होता. चौथ्या दिवशी त्याच्या बायकोला, व्हर्नाला, इस्पितळातून घरी पाठवलं, आता इथे करण्यासारखं काही नाही म्हणून. पाच आठवड्यांनी ती गेली. पुढे कधीतरी गावच्या कचेरीत कुणीतरी विचारलं, क्रॉसबींचं झालं का? तो म्हणाला, झालं. त्या दिवसांत काहीही विचारलं तरी तो झालं म्हणायचा.

आता वर्ष उलटून गेलं होतं. दोन पानगळी त्या दारावर पडल्या होत्या.

सगळे मिळून सहा जण निघाले. वनरक्षक डाना पुढे होता. तिशीतला, मोठ्या आवाजाचा माणूस. त्याने सगळ्यांना नारिंगी जाकिटं वाटली.

"सापडल्या की बार नका काढू," तो म्हणाला. "आज कुणी लक्ष देणार नाही. शिट्टी वाजवा. एल्विन, तुम्ही सावकाश या. चढ आहे."

"हा चढ मी तू जन्मायच्या आधी सपाट केलाय," एल्विन म्हणाला आणि त्याच्या पुढे गेला.

तो इतका झपाझप चालत होता की मागून कुणीतरी हसलं. "म्हाताऱ्याला काय झालंय? वर जेवण ठेवलंय का?"

ओढ्यापाशी एक सपात मिळाली. निळी, ओली. जोलीनने ती उचलून जाकिटात घातली. त्यानंतर कुणी हसलं नाही.

एल्विनचा श्वास लागला होता. आपणच आधी पोचू, बघू, काय ते एकट्याने निस्तरू, असं त्याच्या मनात चाललं होतं. पण कुंपणाच्या फटीपाशी डानाने त्याला गाठलं.

"इथून रांग करा," डाना म्हणाला. "हातभर अंतर ठेवून. खड्डा, अंगण, गोठा, सगळं पायाखाली घालायचं. चला."

सगळ्यात डावीकडे जोलीन होती. लायलॅकच्या बाजूला. तिने पाय उचलला.

"थांबा!" एल्विन ओरडला. "कुणी हलू नका. विहीर झाकलेली नाही."

जोलीन वळली. "काय?"

"गोठ्याचं दार टाकलंय नुसतं. कुजलं असेल आता. वर पानं आहेत, दिसायचं नाही."

"तू सकाळी म्हणालास..."

"खोटं बोललो."

डानाने एकदा त्याच्याकडे, एकदा जमिनीकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "कुठे आहे?"

"माझ्या मागून या. मी पाय ठेवीन तिथेच ठेवा."

लायलॅकला वळसा घालून तो पुढे झाला आणि जागच्या जागी थांबला.

मर्टल दारावर बसली होती. अगदी मधोमध, पाय पसरून, एका पायात सपात, एक पाय उघडा. आजूबाजूची पानं तिने हाताने बाजूला सारली होती आणि दाराच्या फळ्या स्वच्छ दिसत होत्या. तिच्याखाली त्या मध्यभागी वाकल्या होत्या.

"मॉम!" जोलीनच्या तोंडून निघालं. डानाने तिचा दंड धरला.

"दोर गाडीत आहे," तो पुटपुटला. "अर्धा तास लागेल."

"अर्धा तास नाही टिकायचं ते." एल्विन गुडघ्यांवर बसला, मग पोटावर आडवा झाला आणि विहिरीच्या काठाचे दगड हाताने चाचपत पुढे सरकला. दाराच्या कडेला त्याचं डोकं पोचलं. मर्टलपर्यंत अजून दीड हात अंतर होतं.

"कोण रे तू?" मर्टलने विचारलं.

"एल्विन."

"व्हर्नाचा?"

"हो. व्हर्नाचाच."

"मग असा काय लोळतोयस? लाज वाटते का काही?" ती हसली. "ऊठ. कपडे कोण धुणार?"

"आत्या, इकडे या माझ्याकडे. बसल्या बसल्या सरका."

"मी नाही यायची. अंगण झाडायचंय. व्हर्ना कुठाय? तिला पाठव. पुरुषमाणसाला काय कळतंय यातलं."

व्हर्ना तिची भाची, भावाची मुलगी. अंत्यविधीला मर्टल पहिल्या रांगेत बसली होती आणि घरी येऊन तिने विचारलं होतं, व्हर्ना का नाही आली? तेव्हापासून जोलीन सांगायची, ती कामात आहे, येईल. एल्विनला ते सहन होत नसे. मेलेलं माणूस येईल म्हणून सांगायचं, ही कसली दया? म्हणून वसंतानंतर त्याने त्यांच्याकडे जाणंच सोडलं होतं. कुणापाशी बायकोचं नावही त्याने काढलं नव्हतं.

दाराखाली कुठेतरी लाकूड करकरलं. भुसा पडावा तसं काहीतरी खाली झरलं.

"ती घरी आहे," एल्विन म्हणाला.

"काय करतेय?"

"आज शनिवार ना. दर शनिवारसारखे बीन्स घातलेत भट्टीत. काल रात्रीच भिजत टाकले होते."

"गूळ घातलाय की मेपलचा पाक?"

"मेपलचा. गूळ नाही आवडत तिला."

"आणि मोहरी? तिचा हात मोहरीला सैल आहे. मी सांगून थकले."

"सैलच आहे," एल्विन म्हणाला. आवाज त्याने सरळ ठेवला. "मघाशी मला चव बघायला दिली. डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाली, आत्याला घेऊन ये, तिनेच सांगू दे काय कमी-जास्त झालंय ते. आणि उभ्या राहू नका म्हणाली. गुडघे दुखतात तुमचे. बसूनच सरका."

"मोठी आली गुडघ्यांची काळजी करणारी," मर्टल म्हणाली. पण ती सरकली. एक वीत. मग आणखी एक. फळी कण्हली. ती थांबली. "आणि पाव?"

"तपकिरी पाव. डब्यात उकडलेला. मनुका घालून."

ती पुन्हा सरकली. एल्विनने हात लांबवला. आधी कोटाची बाही, मग मनगट त्याच्या मुठीत आलं. "डाना," तो म्हणाला. मागून डानाने त्याच्या दोन्ही घोट्यांना धरून ओढलं आणि ते दोघे पानांवरून घसरत मागे आले. दार तिथे तसंच होतं. मग मधली फळी हळूच खाली वाकली आणि गेली. पाण्याचा आवाज यायला इतका वेळ लागला की सगळे एकमेकांकडे बघू लागले.

जोलीनने आईला मिठीत घेतलं, तिच्या पायात सपात घातली. एल्विनकडे तिने पाहिलं नाही.

उतरताना मर्टलने त्याचाच हात धरला. "बीन्स गार होतील," ती दर वळणावर म्हणत होती. तो दर वळणावर म्हणत होता, "भट्टीत आहेत, आत्या. नाही व्हायचे."

दुसऱ्या दिवशी रविवारी शिकार होती तरी तो ट्रॅक्टर घेऊन वर गेला. ओढ्यापर्यंत ट्रॅक्टर गेला, पुढे सिमेंटच्या गोण्या त्याने पाठीवर नेल्या. वाळू बादल्यांनी, पाणी ओढ्यातून. देवदाराचे वासे टाकले, जाळी अंथरली, कडेने फळ्या ठोकल्या. दुपार कलायच्या आत स्लॅब घालून झाला.

थंडी वाढत होती. ओलं सिमेंट गोठलं तर तडकणार. त्याने वर पेंढा पसरला. मग गोणीतून दोन जाड गोधड्या काढल्या. व्हर्नासाठी बैठकीच्या खोलीत लावलेल्या खाटेवर त्या वर्षभर तशाच घडी करून पडल्या होत्या. एकावर एक अंथरून त्याने चारी कडा दगडांनी दाबल्या आणि शेजारी दारातल्या जुन्या पायरीच्या दगडावर बसला. सिमेंट धरेपर्यंत एखादं हरीण चालून यायला नको.

थोड्या वेळाने पाचोळा वाजला. जोलीन होती. तिने गोधड्यांकडे पाहिलं. मग स्लॅबच्या पलीकडच्या बाजूला एका दगडावरचा पाला झटकला आणि ती बसली.

"किती वेळ लागेल?" तिने विचारलं.

"अंधार पडेपर्यंत तरी."

तिने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि हात बाह्यांत घातले.