पोटातला शेवट

मी एक डिस्क आहे. माझ्यात गाणी नाहीत, कुणाच्या लग्नाचं शूटिंगही नाही. माझ्यात एक गेम आहे आणि त्या गेममध्ये चौदा प्रकरणांची अख्खी गोष्ट आहे. ती मी जन्मल्यापासून पोटात घेऊन हिंडतेय. तिचा शेवट मला तोंडपाठ आहे आणि आजवर एकाही माणसाला मी तो दाखवू शकलेली नाही. नाकाशी आलेली शिंक वर्षानुवर्षं अडून राहावी, तशी माझी गत.

माझा जन्म कारखान्यातला. साच्यात दाबलं, चकाकी चढवली, वर चित्र छापलं. एका दिवसात आम्ही हजारो बहिणी जन्मलो, सगळ्या एका तोंडवळ्याच्या. चित्रात हातमोजा घातलेला एक हात, हातात बंदूक, मागे धुरात बुडालेलं शहर. नशीब तिथेच फुटलं माझं! चित्र बघून जो तो समजतो, हिच्यात नुसती ठो-ठो आहे.

आहे ना ठो-ठो. पण गोष्टही आहे. एक मोठं युद्ध होतं आणि माझ्यात ते उलटं संपतं. जे हरायचे ते जिंकतात. शहरातल्या रस्त्यांची नावं बदलतात, घड्याळं जेत्यांच्या वेळेवर लावली जातात, शाळेत मुलांना परकी भाषा घोकावी लागते. त्या शहरात तारघरात काम करणारी एक बाई आहे. तिचा धाकटा भाऊ बेपत्ता होतो. पुढे तिला कळतं, तो जेत्यांच्याच दफ्तरात कारकून आहे आणि पकडायच्या माणसांच्या याद्या लिहितो. ती बंदूक घेऊन त्याला शोधायला निघते. खेळणाऱ्याला सगळं तिच्याच डोळ्यांनी दिसतं.

माझा पहिला मालक विमा कचेरीत कामाला होता. मला त्याने नवीकोरी आणली, वास घेतला, मशीनमध्ये सारली. मला काय आनंद झाला! पण हा गडी कुणाचं काही ऐकूनच घेईना. गोष्टीतली शेजारीण दाराआडून काही सांगतेय, दाबलं बटण, पुढे. भावाचं जुनं पत्र सापडलं, दाबलं बटण, पुढे. चौथ्या प्रकरणात एक म्हातारा पहारेकरी पायरीवर डबा उघडून बसलेला असतो. त्याला मारायचं की मागून हळूच निघून जायचं, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. याने डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

नवव्या प्रकरणात तो पुलावर अडकला. पुलावर तोफ आहे. तीसदा मेला. अहो, पुलाखाली नाव बांधलेली आहे! शेजारणीने दुसऱ्या प्रकरणात तेच तर सांगितलं होतं! मी मशीनमध्ये गरागरा फिरत होते, तळमळत होते, पण डिस्कला ओरडता येत नाही. शेवटी त्याने कंट्रोलर सोफ्यावर आपटला, "फालतू गेम आहे" म्हणाला, आणि मला काढून मोटारींच्या शर्यतीच्या रिकाम्या डबीत कोंबलं. त्या डबीत मी तीन वर्षं काढली.

तिथून जुन्या मालाच्या दुकानात आले आणि दुकानातून एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या घरी. डबी पाहून त्याने मला मोटारींसाठी घेतलं होतं. घरी येऊन डबी उघडली आणि त्याचं तोंड एवढंसं झालं.

"हे काय आलं! उद्या परत देऊन येतो."

"असू दे," त्याची बायको म्हणाली. "मी बघते जरा."

ती इस्पितळात सिस्टर होती. सकाळपाळी करून तीनला घरी यायची, पाय टिपॉयवर ठेवायची आणि चहा घेत तासभर खेळायची. हात सुरुवातीला अडखळत. भिंतीला तोंड करून उभी राहायची, छताकडे गोळ्या झाडायची. पण ऐकायची मात्र सगळं! शेजारणीचं ऐकलं, पत्र दोनदा वाचलं. मला वाटलं, आलं, माझं माणूस आलं.

त्याच खोलीत खिडकीशी तिच्या सासूबाई बसायच्या. पहिले चार दिवस त्यांचं एकच. "ती बंदूक बंद कर गं, डोकं उठलं." पाचव्या दिवशी म्हणाल्या, "कुणाला शोधतेय ही?"

"भावाला, आई."

"आणि हिचं तोंड का नाही दिसत?"

"दिसणार नाही. आपणच ती."

सासूबाईंनी हे मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची खिडकीपासून टीव्हीसमोर ओढली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि त्या दोघींचं बोलणं 'जेवलात का' आणि 'दूध आलं का' याच्या पलीकडे गेलं नव्हतं. आता दुपारी तीनला घरात वेगळीच घाई असायची. चहा आधीच तयार.

डबा खाणाऱ्या पहारेकऱ्यापाशी सिस्टरने नेम धरला, तेव्हा सासूबाईंनी तिचा दंडच धरला. "अगं, त्याचं खाऊन तर होऊ दे! जेवत्या माणसावर हात उचलतात होय?"

सिस्टर हसली आणि भिंतीच्या आडून हळूच निघून गेली. दोघी तशा पुढे सरकल्या आणि माझ्या आत एक वेगळीच वाट उघडली. ती वाट आजवर कुणी चाललंच नव्हतं.

पुलाखालची नाव त्यांना पहिल्याच झटक्यात सापडली. दहावं झालं. अकराव्यात दफ्तराचं मोठं लोखंडी दार उघडतं. ते उघडता उघडता मी अडले. खरं सांगते, दोष माझाच होता. तीन वर्षांच्या डबीतली धूळ अंगावर होती. चित्र गोठलं. सिस्टरने मशीन बंद करून पुन्हा लावलं, पुन्हा तिथेच गोठलं.

"उद्या बघू," ती म्हणाली.

सासूबाईंना उद्यापर्यंत दम कुठला! सकाळी सून कामावर, मुलगा कामावर. त्यांनी मला मशीनमधून काढलं, उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "किती मळलीय ही." मग स्वयंपाकघरात नेऊन भांड्यांच्या तारेच्या घासणीने, साबण लावून, गोल गोल, तव्यासारखी घासली. स्वच्छ फडक्याने कोरडी केली. मायेने केलं हो सगळं. पण माझ्या अंगाची पार चाळण झाली.

तीनला सिस्टर आली. मशीन घरघरलं आणि मला ओळखेचना. तिने मला बाहेर काढलं, उलटी केली आणि पाहतच राहिली.

"हे तुमचंच काम," ती संध्याकाळी नवऱ्यावर बरसली. "पान्हे, स्क्रू, सगळं त्या मशीनवर टाकता!"

"मी हातसुद्धा लावला नाही!"

"मग काय डिस्कने स्वतःच ओरबाडून घेतलं?"

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मी टेबलावर पडून बघत होते. बोला ना, बोला! पण नाही बोलल्या. चार दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. तीन वाजायचे, चहा गार व्हायचा, खुर्ची पुन्हा खिडकीशी गेली होती.

पाचव्या दिवशी नवऱ्याने समेटाचा झेंडा काढला. फोन पुढे धरून म्हणाला, "हे घ्या, कुणीतरी शेवटाचा व्हिडिओ टाकलाय. पाहा आणि मिटवा एकदाचं."

दोघी बघू लागल्या. व्हिडिओत कुणीतरी बोलत, हसत, शिट्ट्या मारत खेळत होता. तारघरातली बाई दफ्तरात शिरते, भाऊ खुर्चीवरून उठतो आणि तो तोंड उघडायच्या आत ती गोळी झाडते. भाऊ कोसळतो. संपलं.

सिस्टरच्या कपाळाला आठी पडली. "याने पहारेकऱ्याला मारलेलं दिसतंय. म्हणून असं झालं. आपण नव्हतं मारलं."

"मग हा आपला शेवट नव्हे," सासूबाई म्हणाल्या. "बंद कर तो फोन."

"आता आपला कुठून आणू?" नवरा वैतागला. "आणि डिस्कचं म्हणाल, तर मी पुन्हा सांगतो, मी नाही..."

"मी घासली," सासूबाई म्हणाल्या. "घासणीने. मळली होती म्हणून."

सिस्टर गर्रकन वळली.

"चार दिवस मी यांना बोलतेय," सिस्टर म्हणाली, "आणि तुम्ही समोर बसून ऐकत होतात?"

"लाज वाटली गं."

"आई, नेहमीचंच आहे हे तुमचं. लग्नानंतर माझी प्रशिक्षणाची वही तुम्ही रद्दीत घातलीत. दोन वर्षांची टिपणं होती. का, तर कपाट आवरायचं होतं. माझ्या वस्तूला हात लावण्याआधी एकदा विचारावंसं का नाही वाटत तुम्हाला?"

सासूबाईंना त्या वहीचं आठवतसुद्धा नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसलं. सिस्टरलाही दिसलं. ती उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी मला पिशवीत घातलं. पत्ता विचारत विचारत, दोनदा चुकून, त्या जुन्या मालाच्या दुकानात पोचल्या. दुकानदाराने मला पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "आजी, ही कामातून गेली."

"ते मला कळलं. अशीच दुसरी द्या. हिच्यात एक बाई आहे, भावाला शोधते."

दुकानदाराने तीन खोकी उपसली. सासूबाई स्टुलावर बसून राहिल्या. तिसऱ्या खोक्याच्या तळाशी निघाली माझी एक बहीण, अंगावर ओरखडा नाही. मला तिचा असा राग आला म्हणून सांगू!

दुपारी सिस्टर आली, तेव्हा टेबलावर नवी डबी होती आणि तिच्याशेजारी शिवलेल्या पानांची एक कोरी वही.

"ती वही काही परत येत नाही," सासूबाई म्हणाल्या. "माझं चुकलं. तेव्हाही आणि आताही."

सिस्टरने वही उघडली, मिटली. मग म्हणाली, "चहा टाकते. तुम्ही खुर्ची ओढा."

मला सासूबाईंनी टाकलं नाही. त्या काही टाकतच नाहीत, सुनेची वही सोडून. माझ्या भोकातून दोरा ओवून त्यांनी मला गॅलरीत टांगलं, कबुतरं येऊ नयेत म्हणून. खेळ मशीनने लक्षात ठेवला होता, त्यामुळे त्या अडल्या होत्या तिथूनच पुढे निघाल्या. काचेआडून मला सगळं दिसत होतं. लोखंडी दार उघडलं. बारावं झालं, तेरावं झालं. जन्मभर जपलेलं माझ्या पोटातलं सगळं त्या घरात दुसरीच्या तोंडून सांगितलं जात होतं.

चौदावं. भाऊ खुर्चीवरून उठला. सिस्टरचं बोट बटणावर.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "बोलू दे त्याला."

सिस्टर थांबली. भाऊ टेबलाचा खण उघडतो. आत सहा वर्षांच्या याद्या. दर महिन्याच्या यादीत बहिणीचं नाव आहे आणि दर महिन्याला त्याने तिचा पत्ता चुकीचा लिहिलाय. शिपाई सहा वर्षं भलत्याच दारांवर थापा मारत होते. भलती दारं म्हणजे रिकामीच घरं होती असं नाही, हेही तो सांगतो. बंदूक हळूहळू खाली येते. जेत्यांच्या हातून शहर काही सुटत नाही. पडदा काळा होतो.

"एवढंच?" सासूबाईंनी विचारलं.

"एवढंच."

त्या डोळे पुसत नव्हत्या, पण सुनेचा हात त्यांनी घट्ट धरला होता. गेम करणाऱ्यांची नावं वर सरकू लागली, तरी दोघी उठल्या नाहीत. "त्या चुकीच्या दारांमागे कोण होतं गं?" सासूबाई म्हणाल्या. सिस्टर म्हणाली, "तेच कळेल म्हणून मीही बघत बसलेय, आई."

हाच तो शेवट. मला तो सांगायचा होता हो, मी! हे दुःख माझं जायचं नाही. तुमच्या कपाटात माझ्यासारखी एखादी गोष्ट अर्धी पडली असेल, तर तेवढी पुरी करा. आम्हाला हाक मारता येत नाही.

आता वारा आला की मी गरगरते, ऊन पडलं की चमकते. कालपासून एक कबुतर माझ्यापासून वीतभर अंतरावर, कठड्यावर घरटं बांधतंय. माझ्याकडे पाहतं, मान वाकडी करतं आणि आणखी एक काडी आणायला जातं.