तिवाट्यावरची लगोर

मित्रांनो, आधीच एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकते. मी देव नाही. अंगावर शेंदूर दिसतोय तो अजून पुरता निघालेला नाही, एवढंच. मी एक जुनी लगोर आहे, दगडावर दगड रचून केलेली, माणसाच्या कमरेएवढी. आज मी माझ्या जागेवर परत उभी आहे, आणि इतकं हायसं वाटतंय म्हणून सांगू!

माझी जागा भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला, एका मोठ्या सड्यावर. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं उघडं पठार. खाली कातळ, वर गुडघाभर गवत, झाड औषधालाही नाही. पायवाट वाडीमागून चढते, ओहोळ ओलांडते आणि माझ्यापाशी येऊन फुटते. डावी वाट कारवीतून आणि हिरड्याच्या दाट रानातून जुन्या गडावर जाते. गडावर आता एक पडका दरवाजा, चार-दोन जोती आणि कातळात खोदलेलं गार पाण्याचं टाकं, इतकंच उरलंय. उजवी वाट चांगली रुंद आणि मळलेली. नवखा माणूस हमखास तिकडेच वळतो. पण ती गुरांची वाट आहे. गुरं चरत चरत कड्यापर्यंत जातात, आणि कड्याच्या पुढे वाट नाही, नुसती दरी आहे. उन्हात हे लहान पोरालाही दिसतं. भादव्यात धुकं उतरलं की आपलाच हात आपल्याला दिसत नाही, तिथं कडा काय दिसणार?

मला कडूबाईनं मांडलं. तेव्हा ती नवी नवरी होती, हिरडा गोळा करायला रानात जायची. एके दिवशी धुक्यात तिची पहिल्या वेताची गाय कड्यावरून गेली. कडूबाई तिला हाका मारत मागोमाग निघाली होती. पायाखालचा एक दगड निसटला, आणि तो खाली पडल्याचा आवाज काही येईना. ती जागच्या जागी थिजली. मग बसून, मागे सरकत सरकत तिवाट्यावर आली, तिथं पोटभर रडली, आणि दुसऱ्या दिवशी पहार घेऊन परत आली.

तीन मोठे धोंडे तिनं ढकलत आणले आणि निम्मे जमिनीत पुरले. त्यातल्या एकावर पहार घसरून खाच पडली, ती अजून आहे. वर बारके दगड रचले आणि सगळ्यात वर एक लांबट, टोकदार दगड ठेवला. त्याचं टोक गडाच्या वाटेकडे. ते माझं नाक. मग तिनं वाडीत रीतच पाडली. लगोरीपाशी आलेल्यानं पडलेला दगड उचलून लावायचा, एक नवा ठेवायचा आणि म्हणायचं, "मागच्याला वाट घावो."

अशी मी वाढले, मित्रांनो. गुराखी आले, हिरडेवाल्या बाया आल्या, पाठीवर पिशव्या घेतलेली शहरातली पोरंपोरी आली. पाऊस झोडपून जायचा, दोन-चार दगड घरंगळायचे, पण पुढचा माणूस ते उचलून लावायचा. नागापूरच्या कारखान्यातली मंडळी सुट्टीला गड चढायला येतात. त्यांच्यातला बिभीषण वेल्डर. त्यानं एकदा मला चारी बाजूंनी निरखलं आणि म्हणाला, "सिमेंट न्हाई, काय न्हाई, आन् जरा म्हनून हललं न्हाई! आमच्या सायबाला आनून दाखवली पायजे ही." खोटं कशाला बोलू, मी आठ दिवस फुगून होते.

कडूबाई म्हातारी झाली. एका डोळ्यानं अजिबात दिसेना, दुसऱ्यानं अंधुक. तरी ती यायची. ओहोळ ओलांडला की तिची काठी पुढं फिरायची, टक्‌कन माझ्यावर वाजायची, आणि ती विचारायची, "हायेस का गं?" मी बोलत नसे. पण मी होते, हेच तिला उत्तर होतं.

माझे दिवस फिरले ते तिच्या नातवामुळे. वाल्मिक त्याचं नाव. पोरगा वाईट नाही, पण तोंडानं उतावळा. खाली डांबरी रस्त्याला त्याची चहाची टपरी आहे. एकदा कुणा पाहुण्यांना वर घेऊन आला होता. त्यांनी विचारलं, "हा कुठला देव?" आता सरळ सांगावं की नाही, बाबांनो, ही वाटेची खूण आहे? पण नाही. वाल्मिक छाती काढून म्हणाला, "वाटोबा! लई जागृत हाय."

झालं! बघता बघता मी देव झाले. कुणी नारळ फोडला, कुणी शेंदूर फासला. माझं नाक झेंडूच्या हारात बुडालं, टोक कुठं आहे ते कुणाला दिसेना. आणि मित्रांनो, सगळ्यात वाईट काय झालं ठाऊक आहे? माझ्यावर दगड ठेवणं बंद झालं. देवावर दगड कसा ठेवायचा? पडलेले दगड पडूनच राहिले. जो तो चपला काढायचा, हात जोडायचा आणि लांबून निघून जायचा. एवढे नमस्कार मिळाले, पण मी कधी इतकी एकटी नव्हते.

मग वाल्मिकच्या मनात आलं की म्हाताऱ्या पाहुण्यांना वर चढवत नाही, तर देवालाच खाली न्यावं. देवाला हलवायचं तर आधी कौल लावायची रीत. त्यानं माझ्या नाकावर फूल चिकटवलं आणि बसला हात जोडून. फूल उजवीकडे पडलं. "देव व्हय म्हनला!" म्हणून तो नाचला. अरे बाबा, सड्यावरचा वारा तो! दुसरं काय होणार होतं? हळद-कुंकू वाहून त्यानं मला खताच्या गोणीत भरलं, तीन खेपा केल्या आणि टपरीशेजारी चौथरा करून मांडलं. वर पाटी लावली, 'जागृत देवस्थान'. पण पुरलेले तीन धोंडे काही त्याला उपटता आले नाहीत. म्हणजे धड खाली रस्त्याला आणि पाय वर तिवाट्यावर, अशी माझी गत झाली.

त्याच आठवड्यात घरात बारसं होतं. वाल्मिकची बहीण अश्विनी माहेरी बाळंत झाली होती, मुलगी झाली होती. त्यांच्या घरची चाल अशी, की बाळाला पाळण्यात घालण्याआधी गडाच्या टाक्यातल्या पाण्यानं न्हाऊ घालायचं. पाणी आणायचं काम वाल्मिककडे होतं. तो दोन दिवस म्हणत होता, "आज गर्दी हाय, उद्या आनतो." बारशाचा दिवस उजाडला तरी पाणी आलं नाही. सकाळी कडूबाईनं पितळेची चरवी उचलली, काठी घेतली आणि कुणाला न सांगता वाडीमागून चढायला लागली. मला हलवल्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

वर धुकं दाटलेलं. ती ओहोळ ओलांडून आली. माझ्या पायांना, त्या तीन धोंड्यांना, तिची चाल लांबूनच कळली. काठी पुढं फिरली, पण गवताच्या वरून हवेतच फिरली. काही वाजलं नाही. ती पुढं गेली, रुंद वाटेनं, उजवीकडे. दहा पावलं, वीस, तीस. पुढं कडा. दगडाला तोंड नसतं, मित्रांनो. त्या दिवशी मला फार वाटलं की असावं.

तिकडे खाली टपरीत वाल्मिकचा मोबाईल वाजला. पलीकडे अश्विनी होती. "दादा, आज्जी तुज्याकडं हाय का?"

"न्हाई गं. का?"

"चरवी न्हाई घरात. काठी बी न्हाई. पान्याला वर गेली वाटतं."

वाल्मिकनं वळून माझ्याकडे पाहिलं. टपरीवर चहा पीत बसलेल्या बिभीषणच्या मंडळींना तो कसंबसं म्हणाला, "दादा, चला माज्यासंगं. मी लई मोठी चूक केली." आणि तसाच अनवाणी पळत सुटला.

वर कडूबाई एकाएकी थांबली. तिनं धुक्यालाच विचारलं, "हायेस का गं?" काठी पुन्हा चौफेर फिरवली, ती हवेतच फिरली. तेव्हा ती मोठ्यानं म्हणाली, "लगोर लागली न्हाई. म्हंजी मीच चुकले." शहाणी बाई! एक पाऊलही पुढं न टाकता ती मागं वळली. काठी जमिनीला घासत, वाट चाचपत आली. खाली बसून गवत दोन्ही हातांनी चाचपू लागली. तिचा हात माझ्या धोंड्यावर आला, खाचेत बोट गेलं आणि तिनं ओळखलं.

"अगं बया! पाय हितं, आन् धड कुठं गेलं तुजं?"

तिला रडू आलं, रागही आला. मग तिथंच फतकल मारून बसली आणि हाताला येईल तो दगड माझ्यावर रचू लागली. खट्. खट्. धुक्यात हाका मारत सैरभैर पळणाऱ्या वाल्मिकला तोच आवाज ऐकू आला. तो आला आणि तिच्या पायांना मिठी मारून लहान पोरासारखा हमसून रडला.

"आज्जे, मीच नेली गं लगोर. देवाची सोय केली."

"देवाची का गिऱ्हाइकाची?" कडूबाई म्हणाली. "मेल्या, मला देव नगं हुता. मला दगूड पायजे हुता!" आणि मग त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

दुपारी धुकं विरलं. बिभीषणच्या मंडळींनी एकेक दगड खांद्यावर घेऊन मला वर आणलं. नाक बसवलं वाल्मिकनं, पण कडूबाईनं हातानं चाचपून ते बोटभर डावीकडे फिरवलं, तेव्हाच तिचं समाधान झालं. मग वाल्मिक गडावर गेला आणि चरवी भरून आणली. संध्याकाळी बाळ न्हालं, पाळण्यात गेलं. ती 'जागृत देवस्थान' पाटी आता टपरीच्या छपरावर ठोकलीय. तिथली गळती थांबली, म्हणजे तिचाही काही उपयोग झाला म्हणायचा.

तर मित्रांनो, डोंगरात फिरायला जरूर या. गडाचा पडका दरवाजा बघा, रानातला गारवा घ्या. पण वाटेवरची खूण हलवू नका, आणि फोटोसाठी भलत्याच जागी दुसरी लगोर रचू नका. माझ्यापुढे हात जोडू नका. पडलेला दगड उचलून लावा, एक नवा ठेवा. तुमच्या मागून कोण येतंय ते तुम्हाला माहीत नसतं, आणि त्याला दिसतंय की नाही तेही माहीत नसतं.

आज सकाळी पुन्हा धुकं होतं. ओहोळाकडून ओळखीची चाल आली. काठी फिरली आणि टक्‌कन माझ्यावर वाजली.

"हायेस का गं?"

आहे गं बाई. इथंच आहे.