टोपी पळवणारा बोकड

टेबलावर अकरा जुन्या कादंबऱ्या होत्या, सात पेन्सिली, त्यांतल्या चार बोथट, गार झालेल्या चहाचे दोन कप आणि एक फुटपट्टी, जिचा साहित्याशी काय संबंध हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. ही सगळी मालमत्ता साहित्याच्या प्राध्यापक बाईंची. बाई वर्षभराच्या अभ्यासरजेवर होत्या आणि अर्धी रजा त्यांनी एकाच सिद्धांतावर खर्च केली होती: जुने कादंबरीकार वाक्य बेतायचे ते मोठ्याने वाचणाऱ्याच्या दमावर. वाक्य कितीही लांबलचक असो, एका श्वासात मावणारच.

हे काही विभागप्रमुखांच्या गळी उतरेना. "शनिवारी घरी येतो," त्यांनी फोनवर बजावलं. "सगळ्यात लांब वाक्य एका दमात वाचून दाखवा. जमलं तर उरलेली रजा तुमची. नाही जमलं तर सोमवारपासून वर्गावर!"

सगळ्यात लांब वाक्य एकशे एकोणचाळीस शब्दांचं निघालं. त्यात एक बोकड न्यायाधीशांची टोपी तोंडात धरून भर बाजारातून पळतो आणि अख्खं गाव त्याच्या मागे लागतं.

शुक्रवारी स्वयंपाकघरात तालीम सुरू झाली. मुलगी घड्याळ घेऊन ओट्यावर बसली.

"बोकडाने टोपी उचलली आणि... इथे लक्षात घ्या, टोपी म्हणजे सत्ता..."

"आई! श्वास घेतलास."

"छे, मी फक्त समजावलं."

"समजावायलाही श्वास लागतो, आई."

बाईंच्या फुप्फुसांत खोट नव्हती. खोट होती बावीस वर्षांच्या शिकवण्यात. दहाबारा शब्द झाले की आतून 'लक्षात घ्या' उसळी मारून वर येई. विद्यार्थ्यांनी तर त्यांचं तेच नाव पाडलं होतं.

"समोर चेहरा दिसला की तू शिकवतेस. फ्रीजकडे बघून वाच," मुलीने तोडगा काढला.

बाईंनी फ्रीजला सत्तेचं प्रतीक समजावलं. मग खिडकीला. मग गॅसच्या सिलिंडरला. तोवर मायलेकी हसून हसून फरशीवर बसल्या होत्या आणि दम भरून भरून बाईंना स्वयंपाकघर गोल फिरताना दिसत होतं.

शनिवारी विभागप्रमुख आले, खुर्चीत ऐसपैस बसले. कोपऱ्यात सासूबाई मटार सोलत होत्या. बाईंनी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा बोकड शिंप्याच्या दुकानापाशी अडकला.

"माणसाच्या आवाक्यातलंच नाही हे," विभागप्रमुखांनी पुस्तक ओढून घेतलं. "बघा, मीच सिद्ध करतो. बोकडाने टोपी उचलली आणि उकिरड्यावरून उडी घेत... हं, आता हा उकिरडा लक्षात घ्या..."

मुलगी खुदकन हसली. विभागप्रमुखांचे कान लाल झाले, आणि मग त्यांनाही हसू आवरेना.

"अहो, तुमचं हसणं राहू द्या!" सासूबाईंनी मटाराचं ताट दाणकन खाली ठेवलं. "कालपासून ऐकतेय. बोकड मेला शिंप्याच्या पुढे जाईल तर शपथ! त्या माणसाला टोपी मिळाली की नाही?"

"आई, तसं बघायला गेलं तर टोपी मिळणं गौण..." बाईंनी सासूबाईंना समजवायला घेतलं.

"गौण तुझ्या कॉलेजात! मला पुढचं सांग."

हे वाक्य बाईंनी शंभरदा मोजलं होतं, पण बोकडाच्या मागे त्या एकदाही धावल्या नव्हत्या. त्यांनी स्टूल ओढलं, सासूबाईंच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या आणि छाती भरून घेतली.

बोकड सुटला. टोपीपाशी 'लक्षात घ्या' घशापर्यंत आलं, पण सासूबाईंनी असे डोळे वटारले की बाईंनी ते गिळूनच टाकलं. बोकड शिंप्याच्या कापडांतून पार झाला, तेलाचे डबे लवंडले, अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक न्हाव्याच्या हातून निसटून धावत सुटलं, मागे पोलीस, त्यांच्या मागे न्यायाधीश बोडक्या डोक्याने. बाईंचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. विभागप्रमुख खुर्चीतून अर्धे उठले. "आवर, आवर," सासूबाई पुटपुटल्या, ते बाईंना की बोकडाला, कोण जाणे. शेवटी बोकडाने टोपी कोर्टाच्या पायरीवर ठेवली, मधोमध भोक पाडून.

"मिळाली गं बाई!" सासूबाईंनी टाळी वाजवली.

मुलीने घड्याळ थांबवलं. एक श्वास, बेचाळीस सेकंद.