दोन आटे

चांदबीनं उखळीच्या बाराची चिमूटभर दारू बोटांत चोळली आणि पुन्हा एकदा चोळून बघितली. दरवर्षीची दारू मोहरीसारखी बोटाला लागायची. ही खसखशीसारखी होती.

"अहो, ही बारीक हाय," ती म्हणाली.

"मग काय चाळून लाडू वळतीस?" अल्लाबक्ष ओसरीवरून म्हणाला. "नगरच्या दुकानदारानं परवाना बघून, पावती फाडून दिलीय. तू आपली माप भरत जा."

माप भरायचं काम तिच्याकडं येऊन तीन वर्षं झाली होती. भैरोबाच्या यात्रेत पालखी देवळाबाहेर पडली की उखळीचे पाच बार काढायचे, हा मान अल्लाबक्षच्या घराण्याचा. उखळी म्हणजे लोखंडाचा बुटका, जाड नळा. तळाला दारू, वर ठासलेली माती, बुडाजवळच्या भोकात, म्हणजे कानात, वात. असं पाच वेळा. अल्लाबक्षचा हात कापायला लागला, डोळ्यांत मोतीबिंदू आला, तेव्हा कुठं त्यानं माप बायकोच्या हवाली केलं. तेही असं, की जणू लेक सासरी धाडतोय.

माप पितळेचं, मुठीएवढं. बुडाला पेच. पेच आत घेतला की दारू कमी मावायची, बाहेर काढला की जास्त. चांदबीच्या सासऱ्यानं त्या पेचावर कानशीनं खूण करून ठेवली होती आणि चाळीस वर्षांत ती कुणी हलवली नव्हती. अल्लाबक्षचा त्या खुणेवर जेवढा विश्वास होता, तेवढा घरात दुसऱ्या कशावरच नव्हता. बायकोवर तर नाहीच नाही.

पण चांदबी कर्जतच्या बाजारात काळा मसाला विकायची. अख्खे धने आणि कुटलेले धने एकाच वाटीनं मोजले तर वाटी तीच राहते, वजन राहत नाही, हे तिला शाळा न शिकता ठाऊक होतं. तिनं तराजू काढला. एका पारड्यात गेल्या साली उरलेल्या दारूचं एक माप, दुसऱ्यात नव्याचं एक. नव्याचं पारडं खाली गेलं. तिनं पेच एक आटा आत घेतला. मग आणखी एक. पारडी बरोबरीला आली.

नवऱ्याला ती काही बोलली नाही. बोलली असती तर त्यानं पेच पुन्हा खुणेवर आणला असता. उखळी म्हातारी झाली होती आणि तिच्यापासून दोन हातांवर उभं राहून वात पेटवणारा माणूस चांदबीला अजून हवा होता.

पालखी निघाली ती पाचाच्या सुमाराला, उन्हातच. देवळाशेजारच्या टेकाडावर चांदबी दारूचा डबा पदराखाली घेऊन बसली, मापानं दारू भरून दिली. अल्लाबक्षनं माती ठासली, काठीला बांधलेला पेटता काकडा उखळीच्या वातीला लावला. बार झाला.

लग्न होऊन आली तेव्हापासून ती हा आवाज ऐकत होती. तसाच झाला, ना कमी ना जास्त. पण सकाळपासून गावात डीजे चालू होता. भिंतीएवढे स्पीकर. पोरांचे कान कधीच मेलेले.

"चाचा!" यात्रा कमिटीचा रविराज माईकवरून ओरडला. "बार काढला का शिंकलात?"

चारशे माणसं हसली. दुसऱ्या बारालाही तेच.

"पुढल्या साली बार आपण पेनड्राइव्हमधून वाजवू! चाचांना सुट्टी!"

अल्लाबक्षचं तोंड काळंठिक्कर पडलं. "दारू सर्दावलीय," तो म्हणाला. "आण ते माप इकडं. दोन घालतो."

"नका घालू. सर्दावली न्हाई. बारीक हाय ती, तेज हाय."

"खुणेवर माप हाय आन् आवाज न्हाई, म्हंजी दारू मेलेली! मला शिकवू नगं."

बोलायचं ते तेव्हाच. पेच मी फिरवलाय, एवढे तीनच शब्द. पण माईक चालू होता. बाईनं सासऱ्याची खूण हलवली, हे रविराजनं गावभर पुकारलं असतं, आणि आज हसत होते त्यांनी पुढची दहा वर्षं नवऱ्याला हसून हसून मारलं असतं. एवढा एक बार होऊ दे, घरी गेल्यावर सांगू, असं चांदबीनं ठरवलं.

त्यानं कापत्या हातानं दोन मापं घातली. मापाच्या वर शीग आलेली तिला दिसली.

तिसरा बार डीजेच्या वर ऐकू गेला. उखळीचा एक तुकडा देवळाच्या भिंतीत शिरला. बाकीचे कुठं गेले, ते अल्लाबक्ष खाली पडल्यावर कळलं. उजवा हात मनगटापासून नव्हता. डीजे कुणी न सांगता बंद झाला. रविराजनंच अंगातला शर्ट फाडून त्याचा दंड आवळला आणि नगरच्या दवाखान्यापर्यंत जीप चालवताना तो लहान लेकरासारखा रडत होता.

चौथ्या दिवशी अल्लाबक्ष नीट बोलायला लागला.

"हवालदार येनार हाय जबाबाला," तो म्हणाला. "मी त्या दुकानदाराचं नाव घेनार. त्या भाड्यानं भेसळीची दारू दिली."

चांदबीनं कॉटची दांडी धरली. "दारू चांगली व्हती. पेच मी आत घेतला व्हता."

त्यानं मान तिच्याकडं वळवली.

"किती?"

"दोन आटे."

डाव्या हाताची बोटं चादरीवर हळूहळू फिरली, हवेतला पेच फिरवल्यासारखी. ओठ हलले.

"बरोबर केलंस," तो म्हणाला. "बाप असता तर त्यानं बी दोनच घेतले असते." आणि मग, आवाज न चढवता, "तिथं का बोलली न्हाईस?"

"लोक व्हते."

त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. हवालदार आला, स्टूल ओढून बसला, कागद गुडघ्यावर घेतला.

"माप कुणी भरलं होतं?"

"मी," अल्लाबक्ष म्हणाला. "दोन भरली. कुनाचा दोष न्हाई."

"आणि ह्या कोण?"

अल्लाबक्षनं तिच्याकडं पाहिलं नाही.

"तिला भाईर बसवा," तो म्हणाला.

चांदबी बाहेर बाकावर जाऊन बसली. आतून तो परत कधी बोलावील, की बोलावणारच नाही, हे तिनं कुणाला विचारलं नाही.