बोरगावच्या बांधावरचा पुतळा

मारुतीराव मास्तरांना जगातल्या पुष्कळ गोष्टी नापसंत होत्या, पण सिमेंटच्या पुतळ्याइतकी कुठलीच नाही. सारी हयात बेळगावच्या शाळेत चित्रकला शिकवण्यात गेलेली. आणि आता बोरगावात त्यांच्याच थोरल्या भावाचा, आण्णाप्पाचा, पुतळा कुणा गवंड्याने उभा केला होता. आज वर्षश्राद्ध. पाहुणे जमायच्या आत तो हलवायला लावायचा, नाहीतर मास्तरच्या भावाची ही गत म्हणून चारचौघांत शोभा व्हायची, या काळजीने ते टिळकवाडीतून सकाळीच निघाले होते. वास्तविक वहिनी, जयाबाई, पुतळा करून मागायला आधी त्यांच्याकडेच आल्या होत्या. "सिमेंटला मी हात लावत नाही," म्हणून मास्तरांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं होतं.

गाडी मुलगा आदर्श चालवत होता आणि सूनबाई रचना ती पावलोपावली थांबवत होती. रस्त्याकडेला काही चमत्कारिक दिसलं की तिला व्हिडिओ हवा. एका खानावळीपुढे माणसापेक्षा उंच कोंबडा उभा, पंख पसरून गिऱ्हाईकांना आत बोलावणारा.

"स्वतःच्याच रश्शाचं आमंत्रण देतोय, गाढव," मास्तर म्हणाले.

"मामा, कसला भारी आहे!" रचना सासऱ्यांना म्हणाली.

"पाय बघ त्याचे. बदकाचे आहेत."

पुढे एका घराच्या स्लॅबवर बैलजोडी, गळ्यात खऱ्या घंटा. मास्तरांच्या मते ते बैल नव्हतेच, डुकरं होती. तवंदी घाट उतरल्यावर रसवंतीपुढे काळा चष्मा लावलेला सिमेंटचा शेतकरी ऊस खात बसला होता. त्याच्या मांडीवर बसून आदर्शनेही फोटो काढून घेतला. हा आपल्या पोटी कुठून जन्मला, असं मास्तरांना अगदी मनापासून वाटलं.

बोरगावच्या अलीकडे, शेताच्या बांधावर, तो दिसला. खुर्चीत बसलेला, गुलाबी ऑइलपेंटच्या कांतीचा, डोक्याला खरा फेटा. जयाबाई नैवेद्याचं ताट घेऊन उभ्याच होत्या. मास्तर उतरले ते सरळ पुतळ्यापुढे जाऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"वहिनी, ह्याला दादा म्हणायचं? नाक आहे की भजं? आणि ही हनुवटी! असला बावळट चेहरा आमच्या सात पिढ्यांत कुणाचा नव्हता. लोक यायच्या आत झाका हे बुजगावणं."

जयाबाईंनी ताट खाली ठेवलं, पदर सारखा केला.

"त्येंचा न्हवंच त्यो चेहरा. तुमचा हाय, भावजी."

"माझा?"

"ह्येंचा धड फोटो एक न्हाय. समद्या लग्नात पंगत वाढत हुते, पाठमोरंच. तुमच्या सत्काराचा मोठा फोटो तुमीच आमच्या भितीला लावाय दिलासा न्हवं? त्योच दिला गवंड्याला. सख्खं भाऊ, नाकडोळं एकच."

आदर्श उसाकडे बघायला लागला. रचनाने तोंडावर ओढणी धरली.

मास्तर पुन्हा वळले. नाक त्यांचंच होतं. हनुवटीही त्यांचीच. सकाळी दाढी करताना दिसलेला चेहरा गुलाबी होऊन समोर बसला होता, तरी ओळखीचा वाटत नव्हता.

"मी असा दिसत नाही," ते कसेबसे म्हणाले.

"न्हाईच की. फोटोत कपाळाला आठ्या हुत्या, आन् ओठ असा वाकडा. गवंडी म्हणला, ह्ये ठिवू का आक्का? म्या म्हटलं, तेवढं काढ बाबा. आमच्या ह्येंनी उभ्या जल्मात कुणाला नावं ठेवली न्हाईत."

त्यांनी नैवेद्य पुतळ्याच्या पायाशी ठेवला आणि हार मास्तरांच्या हातात दिला. मास्तरांनी तो पुतळ्याच्या, म्हणजे स्वतःच्याच, गळ्यात घातला.

"मामा, शेजारी उभे राहा ना," रचनाने सवयीने फोन वर केला. मग एकदा इकडे, एकदा तिकडे बघून म्हणाली, "जरा कपाळ सैल सोडा."

मास्तरांनी सोडून पाहिलं. ओठही सरळ करून पाहिला. मागून जयाबाई बघत होत्या. गवंड्याला जमलं होतं ते मास्तरांना काही केल्या जमेना.