कोपऱ्यातलं गवत

उत्तराबाई विळा, फीत आणि काटा घेऊन कॉलेजच्या मैदानाच्या कोपऱ्यात पोचल्या, तेव्हा अर्धं गवत गायब होतं आणि उरलेलं एक बाई कापत बसली होती.

एकोणीस वर्षं, दर ऑक्टोबरात, उत्तराबाई इथलंच गवत कापत आल्या होत्या. ओव्हनमध्ये वाळवायचं आणि पाणी उडून गेल्यावर उरेल ते तोलायचं. मातीनं आणि उन्हानं मिळून वर्षभरात किती जैवभार उभा केला, त्याचा तो आकडा. विसावा आकडा वहीत लिहून महिनाअखेर त्या निवृत्त होणार होत्या. वनस्पतिशास्त्राला यंदा एकही विद्यार्थी आला नव्हता. वही पुरी झाली की नाही, हे विचारणारं कोणी नव्हतं.

“अहो, काय करताय हे?”

“दिसून नाही राहिलं काय मॅडम? बकऱ्यांले चारा.”

बाईचं नाव गोपिका. राहायला जरीपटक्यात.

“एवढं मैदान पडलंय, हाच कोपरा सापडला?”

“बाकीच्याले औषध मारलं ना तुमच्या लोकायनं. ते खाऊन बकऱ्या मराच्या हाय काय माह्या?”

एवढा कोपरा फवारू नका, असा अर्ज उत्तराबाईंनीच दिला होता.

“तुमच्या घरी ढोरं हायेत?” गोपिकानं विचारलं.

“नाही.”

“मंग विळा काहून?”

“मीही कापते. वाळवून वजन करते.”

“मंग?”

“लिहून ठेवते.”

“अन् गवत?”

“टाकून देते.”

“अवं माय! बकरीले नाही, चुलीत नाही. नुस्तं मोजून फेकता?”

उत्तराबाईंना हसू आलं. बकरीच्या अंगी लागतो तोही जैवभार आणि चुलीत जळतो तोही, हे शिकवायला त्यांना दोन तास लागायचे.

“आधीचं कधी नेलंत?”

“काल. पोटात गेलं ते.”

मागच्या वर्षीच्या आकड्यात थोडा फरक करून लिहिला असता तरी कोणाला कळलं नसतं. त्यांनी फीत उलगडली.

“हे टोक धरता जरा?”

आजचा तुकडा नऊ चौरस मीटर भरला. गोपिकानं राहिलेलं कापून भारा बांधला. काट्याला लटकवला तेव्हा अकरा किलो दोनशे. त्यातलं शंभर ग्रॅम उत्तराबाईंनी कागदी पिशवीत घेतलं. तेवढं वाळवलं की साऱ्या भाऱ्याचा हिशेब लागतो. बाकी गवत त्यांनी परत दिलं.

“यंदा फेकाचं नाही मंग,” गोपिका भारा डोक्यावर घेत म्हणाली. “चालते मी. बकऱ्या बोंबलून राहिल्या असतीन.”

तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवीतल्या गवताचं वजन लागोपाठ तीनदा सारखंच आलं. छत्तीस ग्रॅम. उत्तराबाईंनी वहीत लिहिलं: चौरस मीटरला चारशे अठ्ठेचाळीस ग्रॅम. शेरा: निम्मा भाग आधी कापला गेला.

हा आकडा कुणाला तरी सांगावा, असं त्यांना वाटलं. गोपिकाखेरीज कोणी आठवेना. त्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. साडेदहा झाले, अकरा झाले. ऊन चढलं. जमिनीवर नुसते बुडखे होते. गवत संपलं होतं आणि तिला इथं यायचं कारणही.

जरीपटक्यात कुठे राहते, हे विचारायचं राहून गेलं होतं.